गाडीचा एसी गार करीत नाही? गॅस भरण्याआधी एवढे पाहा



आसेगावच्या सेवाकार्यातील गाडीला एसी हवाच कशाला, असे आपल्यापैकी काहींनी विचारले आहे. प्रश्न रास्त आहे. पैसा देणगीचा आहे. पण मे महिन्यात मंगरूळपीर, बार्शीटाकळीमार्गे अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे निघालो की बाहेर पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि गाडीत बहुधा एखादी बाळंतीण किंवा सिकलसेलचा रुग्ण असतो. हा आजार विदर्भातील आदिवासी कुटुंबांत बराच आढळतो. अंगातले पाणी कमी झाले की विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून या अंकातील अभ्यासासाठी गाडीचा एसी घेतला आहे. मंडळीत ज्यांच्याकडे गाडी आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

एसी थंडी तयार करीत नाही, आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबाने तो तापतो. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती उष्णता बाहेर जाऊन गॅसचे द्रव होते. हे द्रव डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये पसरून पुन्हा वायू होते आणि आतली उष्णता शोषून घेते. गॅस संपत नाही, तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर बहुधा कुठेतरी गळती आहे.

आमचे गाडीवाले भाऊ एकदा म्हणाले, "दादा, गाडी चालते तवर गार लागते, थांबली का गरम." एका दुकानात गाडी न तपासताच गॅस भरायला सांगितले होते. पण भाऊंच्या त्या एका वाक्यातच दुखणे कळत होते. गाडी चालताना कंडेन्सरला समोरून वारा मिळतो. थांबल्यावर पंखाच वारा देतो. बॉनेट उघडून पाहिले तर एसी लावूनही पंखा फिरत नव्हता. फ्यूज शाबूत होता. त्याच डब्यातला तशाच क्रमांकाचा, हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी बसवला आणि पंखा फिरू लागला. खर्च एका रिलेचा. जळालेल्या फ्यूजच्या जागी मात्र जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार कधीही लावू नका; वायरिंग पेटते.

आपल्या भागात दुसरा शत्रू म्हणजे धूळ, कापसाची रुई आणि सोयाबीनचे कुटार. कंडेन्सरच्या जाळीत ते घट्ट बसते. इंजिन थंड करून, चावी काढून, साध्या नळीने हलक्या धारेचे पाणी सोडा. धुलाई केंद्राची जोराची धार नको, तिने पातळ पत्रे वाकतात. हवाच कमी येत असेल तर एसीचा फिल्टर पाहा. बऱ्याच गाड्यांत तो डावीकडच्या खणामागे हाताने निघतो. लांबच्या प्रवासात हवा हळूहळू कमी होऊन थोडा वेळ एसी बंद ठेवल्यावर पूर्ववत होत असेल, तर कॉइलवर बर्फ जमतो आहे.

गाडीखाली पाणी ठिबकणे चांगलेच लक्षण आहे. तेच पाणी आत पायाशी येऊ लागले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

आता कॉम्प्रेसर. एसीचे बटण दाबल्यावर पुष्कळ गाड्यांत 'टक्' असा आवाज होऊन त्याची पुढची चकती फिरू लागते. (काही नव्या गाड्यांत हा आवाज येत नाही.) ती फिरत नसेल तर फ्यूज, रिले, पट्टा पाहा. तरीही नाही, तर गॅस फार कमी झाल्याने दाबाच्या स्विचने त्याला थांबवले असेल. हा स्विच तार जोडून चुकवण्याची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते; गॅस नसताना तो कोरडा चालून जाम होतो. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, बाही पट्ट्यापासून दूर ठेवा.

गळती शोधणे मात्र घरी जमते. सांध्यांवर तेलकट डाग व त्यावर धूळ चिकटलेली दिसते का ते पाहा. इंजिन बंद करून तिथे साबणाचा फेस लावा; बुडबुडे आले तर जागा सापडली.

इथे आपले काम थांबते. नळीचा नट सैल करू नका. सध्याच्या बहुतेक गाड्यांतला आर-१३४ए हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. कातडीवर किंवा डोळ्यांत उडाला तर हिमदाह होतो. शिवाय १०० वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट तापमानवाढ करतो, म्हणून हवेत सोडणेही बरे नाही. घरगुती सिलिंडरचा गॅस भरून देणारे भेटतात. ती जळती काडी गाडीत घेऊन फिरण्यासारखी गोष्ट आहे. कारागिराला तीन गोष्टी विचारा: गळती दुरुस्त केली का, व्हॅक्यूम किती वेळ केला, आणि बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिले आहे तितकाच गॅस वजन करून भरला का. जास्त गॅसनेही थंडावा कमी होतो.

रुग्ण नेणाऱ्यांसाठी थोडे अधिक. सिकलसेलच्या रुग्णाला एकदम लागणारी थंडीही बाधते, म्हणून झोत त्याच्या अंगावर घेऊ नका. क्षयरोगी सोबत असेल तर आतलीच हवा फिरवणारे बटण बंद करा आणि काचा उघड्या ठेवा, मग उकडले तरी चालेल. आणि हिवाळ्यातही आठवड्यातून दहा मिनिटे एसी चालवा. त्यामुळे तेल रबरी सिलांपर्यंत पोहोचत राहते.