विद्यार्थी यादी डेटाबेसमध्ये घेताना : आधी आयडी सांभाळा



शाळेची यादी बहुधा एक्सेलमध्ये असते. तीच डेटाबेसमध्ये घेतली, की शिष्यवृत्ती, पुस्तकवाटप, दाखले अशा सगळ्या याद्या एकाच ठिकाणाहून काढता येतात. त्यासाठी रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेलं एसक्यूलाइट हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाईप करून, पूर्ण पट एका झटक्यात आत घेता येतो. पण त्याआधी एक गोष्ट पाहू.

आयडी ही संख्या नव्हे

मोबाईल नंबरांची आपण कधी बेरीज करतो का? नाही ना! आयडीचंही तसंच आहे. सरलचा विद्यार्थी आयडी १९ अंकी असतो : ४ अंक वर्षाचे, ११ अंक शाळेच्या यू-डायसचे आणि शेवटचे ४ मुलाचे. एक्सेल मात्र संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, पुढे शून्य भरतं. आता बघा, ४ + ११ = १५! म्हणजे वर्ष राहिलं, शाळा राहिली आणि मूल गेलं. एकाच वर्षाच्या सगळ्या मुलांचा आयडी सारखा होतो. बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यंही अशीच उडतात.

कृती

१. एक्सेलमध्ये आयडीचा रकाना नंबर भरण्याआधीच 'टेक्स्ट' करा. एकदा गेलेले अंक नंतर टेक्स्ट करून परत येत नाहीत.

२. फाईल 'सीएसव्ही यूटीएफ-८' प्रकारात सेव्ह करा, म्हणजे मराठी नावं नीट राहतात. ती पुन्हा एक्सेलमध्ये उघडू नका, नोटपॅडमध्ये तपासा.

३. एसक्यूलाइटमध्ये आधी तक्ता तयार करा. आयडीचा रकाना टेक्स्ट ठेवा आणि त्याला 'प्रायमरी की' करा. या आज्ञेच्या शेवटी अर्धविराम हवाच.

४. मग इम्पोर्टची आज्ञा द्या. ती टिंबाने सुरू होते, शेवटी अर्धविराम लागत नाही. सीएसव्ही प्रकार, फाईलचं नाव आणि तक्त्याचं नाव सांगा. पहिली ओळ वगळायलाही सांगा, नाहीतर शीर्षकं विद्यार्थी म्हणून आत जातील.

५. आयडी दुसऱ्यांदा आला तर ती ओळ नाकारली जाते आणि ओळीचा क्रमांक स्क्रीनवर दिसतो. तो वहीत लिहून घ्या.

६. शेवटी तक्त्यातल्या ओळी मोजा आणि हजेरीपटाशी ताळा करा. पटावर ८७ मुलं असतील तर तक्त्यात ८७च हव्यात.

हा ताळा टाळू नका. यादीतून गळलेलं मूल स्वतः सांगायला येत नाही. त्याची शिष्यवृत्ती अडली की पालकांना हेलपाटे पडतात.

पालकहो, शाळेकडून आयडी मिळाला की सगळे १९ अंक मोजून घ्या. आणि शिक्षक मित्रांनो, ही फाईल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्यात आपल्या मुलांची ओळख आहे.