प्लॅस्टिकचा मॅनिफोल्ड का तडकला?

सरबत प्यायची एक नळी घ्या. तिच्या वरच्या भागात टाचणीने चार-पाच भोके पाडा आणि त्या नळीने सरबत ओढून पाहा. सरबताऐवजी तोंडात हवाच जास्त येते ना? मोटारीच्या इंजिनातही कधी कधी असेच घडते. कसे, ते पाहू.

पेट्रोल जळायला हवा लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण किती? १ किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलमागे जवळजवळ ९,००० लिटर हवा झाली! ही हवा प्रत्येक सिलिंडरला सारखी वाटून देण्याचे काम नळ्यांचा एक जुडगा करतो. त्यालाच इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. मोटार उभी असून इंजिन मंद गतीने चालू असते, तेव्हा मॅनिफोल्डमधील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या साधारण एकतृतीयांश असतो. अशा वेळी सांध्यात फट पडली, तर बाहेरची हवा आत घुसते, पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण बिघडते आणि इंजिन थरथरू लागते.

पूर्वी मॅनिफोल्ड बिडाचे किंवा ॲल्युमिनियमचे असत. पुढे काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे मॅनिफोल्ड आले. ते वजनाला हलके आणि आतून गुळगुळीत असतात. शिवाय नायलॉन उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे आतली हवा फारशी तापत नाही. एवढे गुण असताना बिघडले कुठे?

अमेरिकेतील फोर्ड कंपनीची क्राउन व्हिक्टोरिया ही मोटार तेथील पोलीस आणि टॅक्सीवाले मोठ्या प्रमाणावर वापरीत. तिचे इंजिन ४.६ लिटरचे. त्याचे आठ सिलिंडर चार-चारच्या दोन ओळींत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात मांडलेले होते. दोन्ही ओळींना थंड ठेवून आलेले गरम पाणी पुढच्या बाजूस एकत्र येई, आणि त्याची वाट मॅनिफोल्डमधूनच काढलेली होती. १९९६ ते २००१ या काळातील अनेक गाड्यांत ही वाटसुद्धा नायलॉनचीच होती.

या पाण्याचे तापमान ९० अंश सेल्सियसच्या आसपास असते. ते उकळू नये म्हणून बंद नळ्यांत दाबाखाली ठेवतात. दाब वातावरणाच्या दुप्पट केला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. म्हणजे नायलॉनच्या त्या वाटेला रोज तापायचे, ताण सोसायचा आणि पुन्हा गार व्हायचे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही. पण पुनःपुन्हा वाकवली की तुटते. तसेच येथे झाले. काही गाड्यांत नायलॉनला बारीक तडा जाऊन पाणी गळू लागले. पाणी कमी झाले की इंजिन तापते आणि त्याचा ॲल्युमिनियमचा वरचा भाग वाकण्याची भीती असते. हे प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ साली तडजोड झाली. सुधारलेल्या मॅनिफोल्डमध्ये नळ्या नायलॉनच्याच राहिल्या, पण पाण्याची वाट मात्र ॲल्युमिनियमची झाली. सुटे भाग बनवणाऱ्या इतर कारखान्यांनीही असे मॅनिफोल्ड बाजारात आणले.

अमेरिकेत कारागिराची मजुरी फार, म्हणून पुष्कळ लोक हा भाग घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच बदलतात. या कामातील प्रत्येक पायरीमागे विज्ञान आहे.

पहिली पायरी म्हणजे इंजिन पूर्ण गार होऊ देणे. गरम इंजिनाचे झाकण उघडले, तर दाब एकदम उतरतो, १०० अंशांच्या वर तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि माणूस भाजतो. मग बॅटरीची ऋण तार सोडवायची आणि पेट्रोलच्या नळीतील दाब उतरवायचा, म्हणजे ठिणगी आणि पेट्रोल यांची गाठ पडत नाही. पाणी भांड्यात काढून घ्यायचे. त्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळलेले असते. ते चवीला गोड, पण विषारी असते. म्हणून ते उघड्यावर ठेवू नये आणि गटारातही ओतू नये.

जुना मॅनिफोल्ड उचलला की उघडी पडलेली तोंडे स्वच्छ फडक्याने झाकतात. एखादा नट आत पडला, तर पिस्टनचा चुराडा व्हायचा! जुन्या गॅस्केटचे तुकडे प्लॅस्टिकच्या पट्टीने काढतात. पोलादी पातीने मऊ ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात आणि त्यांतून पुढे गळती होते.

आता बोल्ट आवळायचे. एका टोकापासून सुरुवात केली, तर दुसरे टोक किंचित उचलले जाते आणि गॅस्केट चुरगळते. भिंतीवर कागद चिकटवताना आपण मधून कडांकडे हात फिरवतो, म्हणजे फुगे राहत नाहीत. येथेही मधल्या बोल्टापासून सुरुवात करून, आलटून पालटून दोन्ही टोकांकडे जातात, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत. जोर किती लावायचा? या इंजिनासाठी साधारण २५ न्यूटन-मीटर. पान्याचा दांडा अर्धा मीटर लांब असेल, तर टोकाशी फक्त ५ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरे! हाताचा अंदाज येथे फसवतो. जास्त आवळले तर ॲल्युमिनियममधील आटे निघून येतात, म्हणून जोर दाखवणारा टॉर्क पाना वापरतात.

एवढे घट्ट बसवूनही मध्ये रबरी गॅस्केट लागतेच. ॲल्युमिनियमचा अर्धा मीटर लांबीचा तुकडा ८० अंशांनी तापला, तर सुमारे ०.९ मिलिमीटर वाढतो. नायलॉन त्याच प्रमाणात वाढत नाही. दोघांमधील ही रोजची ओढाताण रबर सोसते.

शेवटी पाणी भरून नळ्यांत अडकलेली हवा काढतात, इंजिन सुरू करतात आणि गळती दिसते का, सुस्कारा ऐकू येतो का, ते पाहतात. इंजिन संथ चालले म्हणजे सांधा जमला! नवा भाग विकत घेताना तो कोणत्या कारखान्याचा आहे एवढेच पाहून भागत नाही. पाण्याची वाट कशाची बनवली आहे, हेही तपासावे लागते.

विचार करा :
१. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. गरम इंजिनावर आवळलेला पोलादी बोल्ट इंजिन गार झाल्यावर घट्ट राहील की सैल होईल?
२. बरणीचे घट्ट बसलेले धातूचे झाकण गरम पाण्यात धरल्यावर का सुटते?