मांजर भलतेसलते खाते, काय करावे?

"आमचे मांजर दोरा चघळते, प्लास्टिकची पिशवी कुरतडते, कितीही रागावले तरी ऐकत नाही. काय करावे?" पशुवैद्य म्हणून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. संक्रांतीनंतर तर नागपुरात तो हमखास येतो, कारण गच्चीवर, अंगणात, झाडांवर तुटलेला मांजा लोंबकळत असतो. उत्तर सुरुवातीलाच देतो. मांजराला रागावून किंवा मारून काही साधत नाही. धोक्याची वस्तू त्याच्या वाटेतून आपणच उचलावी लागते. असे का, ते आज समजून घेऊ.

दोरा बाहेर का थुंकता येत नाही?

मांजराने हात चाटला की जीभ कानशीसारखी खरखरीत लागते. जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. अंग विंचरायला आणि हाडावरचे मांस खरवडायला ते उपयोगी पडतात. पण याच काट्यांत दोरा अडकला की तो मांजराला थुंकता येत नाही, आत आतच सरकत जातो.

पुढचा प्रकार गंभीर आहे. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि दुसरे आतड्यात जाते. परकराची नाडी ओढली की कापडाला जशा चुण्या पडतात, तशा आतड्याला पडतात. ताणलेला दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. मग शस्त्रक्रियेवाचून बहुधा इलाज उरत नाही. वारंवार उलट्या, अन्नावरची वासना जाणे, कोपऱ्यात लपून बसणे ही याची लक्षणे आहेत. शिवणाचा दोरा, लोकर, रबरबँड, मिठाईच्या खोक्याची चमकी फीत, राखीचा गोंडा या साऱ्यांचा धोका सारखाच. सुईसकट दोरा असेल तर अधिकच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो पूर्ण हद्दपार झालेला नाही. साधा सुती मांजाही मांजराच्या पोटात तेवढाच घातक ठरतो.

आपले औषध, त्याचे विष

आपल्या घरात ताप आला की पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते. मांजर मलूल दिसले की काही जण प्रेमापोटी त्यालाही तीच अर्धी गोळी देतात. असे कदापि करू नये. हे औषध पचवून निरुपद्रवी करण्याची जी यंत्रणा आपल्या यकृतात असते, ती मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी किंवा निळसर पडतात, तोंड व पंजे सुजतात, धाप लागते. लहान मुलांचे पातळ औषधही यातच आले.

याशिवाय पुढील वस्तूंकडे लक्ष असू द्यावे.

फिनाईल: ओल्या फरशीवरून मांजर चालते, मग पंजे चाटते. फरशी पूर्ण वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे.

डांबरगोळ्या: कपाटाबाहेर किंवा न्हाणीघरात उघड्या टाकू नयेत.

कांदा व लसूण: कच्चे असोत की शिजवलेले, मांजराच्या तांबड्या रक्तपेशी त्यांनी फुटतात. रश्श्यातले मटण म्हणूनच त्याला घालू नये.

उंदराचे औषध: ते खाऊन मेलेला उंदीरही मांजराला बाधू शकतो.

कुत्र्याचे गोचिडाचे औषध: त्यात परमेथ्रिन असल्यास मांजराला झटके येतात.

लिलीची फुले: भेटीच्या गुच्छांतील मोठ्या लिलीचे पान, परागकण किंवा फुलदाणीतले पाणीही मांजराची मूत्रपिंडे निकामी करू शकते.

कुलरचे पाणी: आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तहानलेले मांजर कुलरच्या टाकीत तोंड घालते. टाकीत डासांसाठी रॉकेल किंवा औषध टाकले असेल तर टाकी झाकावी. घरात दोन ठिकाणी मातीच्या भांड्यात ताजे पाणी ठेवावे.

मुळात ते असे का करते?

पिलाचे खेळणे आणि चावणे स्वाभाविक आहे. पण मोठे मांजर रोज कापड, माती किंवा प्लास्टिक खात असेल तर कारण शोधावे. आईपासून फार लवकर तोडलेले पिलू, दिवसभर एकटे कोंडलेले मांजर, जंत, रक्तक्षय, अपुरा आहार यांपैकी काहीही असू शकते. केवळ दूध-पोळीवर मांजर निरोगी राहत नाही. मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचतही नाही. मांसात असणारे टॉरिन त्याच्या डोळ्यांना आणि हृदयाला आवश्यक असते. टॉरिनच्या अभावी मांजराचे हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधनात दिसून आले. म्हणून बिनमसाल्याचे उकडलेले कोंबडीचे मांस, मासे किंवा मांजरासाठीचे तयार खाद्य द्यावे. शिजलेली हाडे मात्र काढून टाकावीत.

घरी काय करावे?

१. सुई-दोरा, गोळ्या, रबरबँड झाकणाच्या डब्यात ठेवावेत. कचऱ्याच्या डब्यालाही घट्ट झाकण असावे.

२. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटे त्याच्याशी खेळावे. दोरी बांधलेले खेळणे खेळ संपताच उचलून ठेवावे.

३. कुंडीत गहू पेरून ते कोवळे गवत त्याला चघळू द्यावे. ज्या कुंडीपासून दूर ठेवायचे, तिच्या मातीवर संत्र्याची ताजी साल ठेवून पाहावी. हा वास बहुतेक मांजरांना आवडत नाही. संत्र्याचे तेल मात्र वापरू नये, ते मांजराला बाधते.

४. तोंडात नको ती वस्तू दिसली तर मागे धावू नये. पळता पळता ते ती गिळते. खाऊ दाखवून ती सोडवून घ्यावी.

गिळलेच तर?

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. रॉकेल किंवा फिनाईल उलटीबरोबर फुप्फुसात शिरते. दूध, तूप असे घरगुती उतारेही नकोत. अंगाला फिनाईल लागले असेल तर सौम्य साबणाने धुऊन टॉवेलात गुंडाळावे, म्हणजे ते चाटणार नाही. लक्षणांची वाट न पाहता तडक पशुवैद्याकडे न्यावे. गोळीचे पाकीट किंवा बाटली सोबत न्यावी आणि किती खाल्ले, केव्हा खाल्ले ते सांगावे. पॅरासिटामॉलवर आणि उंदराच्या काही औषधांवर उतारा उपलब्ध आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी पडतो.

नागपूरकरांना सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. बाहेरगावच्या वाचकांनी जवळच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक आजच लिहून ठेवावा. आणि आज रात्री झोपण्यापूर्वी शिवणाचा डबा बंद आहे ना, तेवढे एकदा पाहून घ्यावे.