करवंदीचे कुंपण बियांपासून

वैशाख सरता सरता डोंगराकडील बाया पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बाजारास येतात. आपण ती खातो, बिया थुंकतो, व वर्षभर त्या झुडपास विसरतो. रानातील जाळ्या मात्र कोयता, वणवा व घरबांधणी यांपुढे हटत चालल्या आहेत. कांजूरमार्गास पश्चिमेकडे पवईच्या बाजूस टेकड्या आहेत. तसल्या खडकाळ उतारावर करवंदी उन्हाळ्यात पाण्यावाचून तगते. म्हणून प्रार्थनामंदिराच्या व कबरस्तानाच्या आवारास विकतच्या तारेऐवजी तिचेच कुंपण करावे, असे आम्ही सुचवितो.

भाताचे अथवा वालाचे बी आपण वाळवून पुढील सालासाठी राखतो. करवंदीच्या बियांस हा नियम लावू नये. फार वाळल्या की त्यांची उगवणशक्ती लवकर जाते. ज्या आठवड्यात फळ खाल्ले त्याच आठवड्यात बी पेरावे. चांगल्या फळणाऱ्या जाळीची पूर्ण काळी झालेली करवंदे घेऊन पाण्यात कुसकरावी, गर व चीक धुऊन टाकावा, आणि बिया एक दिवस सावलीत पसरून लगेच पेराव्या. तांबडी माती, रेती व जुने शेणखत मिसळून पिशव्या भराव्या. बी अर्ध्या पेराहून खोल घालू नये. माती ओलसर ठेवावी, चिखल करू नये. दोन आठवड्यांपासून महिन्याभरात कोंब दिसतात. पुढे वाढ इतकी मंद असते की पुष्कळ लोक रोप मेले समजून पिशवी ओतून टाकितात. धीर धरावा.

रोपे एक वर्ष सांभाळून पुढील मृगाच्या पावसात दोन ते तीन फुटांच्या अंतराने लावावी. कोवळ्या रोपांस शेळ्यांपासून दोन वर्षे जपावे. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळे येऊ लागतात. सर्व रोपे आईसारखी निघत नाहीत, काही आंबट निघतात; ती लोणच्यास चालतात.

पेरणाऱ्याच्या दाखल्यातील काटेरी झाडांची आठवण देऊन कोणी आक्षेप घेईल. परंतु तेथील काटे धान्यात वाढले होते. हे आपण बांधावर लावितो.

खाडीच्या अंगास, जेथे भरतीचे अथवा पावसाचे पाणी साचते, तेथे ही लावू नये. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येत्या हंगामात प्रत्येक मुलास धुतलेल्या दहा बिया आणावयास सांगाव्या.