चढाईच्या आधी जरा ऐक

अगं, उपनगरची निवड चाचणी जवळ आली म्हणून सराव वाढवलास ते छानच केलंस. बॅगेत नी-कॅप आहे, अँकलेट आहे, क्रेप बँडेजसुद्धा आहे. दातांसाठी मात्र काहीच नाही, आणि खेळतेस डाव्या कोपऱ्यावर! चढाई करणारीचा घोटा धरायला झेपावतेस, तेव्हा तुझं तोंड थेट तिच्या गुडघ्यासमोर येतं. ती सुटायला जीव खाऊन पाय झाडते. अशा वेळी मार बसतो तो बहुतेकदा वरच्या पुढच्या दातांना, आणि तुझे ते थोडे पुढेच आहेत. पुढे आलेल्या दातांना धोका जास्त.

कबड्डीत नखं कापलीत का, अंगाला तेल लावलंय का, हे पंच बघतात. दातांचं कोणी विचारत नाही. बॉक्सिंगच्या स्पर्धेत माउथगार्डशिवाय रिंगमध्ये उतरूच देत नाहीत. तायक्वांदोतही तो लागतो, तोही पांढरा किंवा पारदर्शकच. आपल्याकडे सक्ती नाही, म्हणून तर मी तुझ्या मागे लागलेय.

‘ताई, ते तोंडात असलं की कबड्डी-कबड्डी म्हणताच येत नाही,’ हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. खेळाच्या दुकानातला तयार गार्ड तुझ्या मापाचा नसतो. तो जागेवर ठेवायला दात आवळून धरावे लागतात, आणि दम घ्यायला तोंड उघडलं की निसटतो. गरम पाण्यात मऊ करून चावायचा दुसरा प्रकार जरा बरा, पण चावताना जोर जास्त लागला तर नेमका पुढच्या दातांपाशी पातळ होतो. जिथे जाडी हवी तिथेच नाही.

म्हणून तुला मापाचाच हवा. दंतवैद्य मऊ लगद्यात तुझ्या वरच्या दातांचं माप घेतात, त्यावरून प्लास्टरचा साचा बनवतात आणि ईव्हीए नावाच्या लवचीक प्लास्टिकची तापवलेली शीट हवा खेचून त्यावर घट्ट बसवतात. मग कडा कापून गुळगुळीत करतात. तो आपोआप दातांना धरून राहतो, त्यामुळे श्वासही घेता येतो आणि बोलताही येतं. पहिले काही दिवस उच्चार जड वाटतील. घरी घालून मोठ्याने दम घेण्याचा सराव कर, मगच मॅटवर जा. कुठे टोचलं तर परत जाऊन घासून घे, सहन करत बसू नकोस. वापरून झाला की गार पाण्याने धू आणि भोकांच्या डबीत ठेव. गरम पाण्यात किंवा उन्हात त्याचा आकार बिघडतो. आणि धाकटीला तारा लागणार आहेत ना? दात सरकत असताना तिचा गार्ड पुन्हा पुन्हा तपासून, लागला तर नवा करावा लागेल.

खर्चाचं आई विचारेलच. तिला एवढंच सांग, की पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट बसवायचं तर जबड्याची वाढ पूर्ण व्हावी लागते. तू चौदाची आहेस. तोवर काही वर्षं काढ-घाल करायच्या दातावर काढायची, शिवाय हिरडीखालचं हाड झिजतं ते वेगळंच.

गार्ड असूनही कधी एखादीचा पक्का दात मुळासकट निघालाच, तर घाबरून रुमालात गुंडाळू नका. वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर हलकेच धुऊन लगेच त्याच जागी बसवा. नाही जमलं तर थंड दुधात टाका आणि दवाखाना गाठा. अर्ध्या तासाच्या आत पोहोचलात तर दात वाचायची आशा चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. संघाच्या प्रथमोपचार पेटीत एक झाकणाची डबी याचसाठी ठेवायला सांग तुझ्या सरांना.

आपल्या जवळच्या डॉक्टरांना मापाचा गार्ड करता का ते आधी फोनवर विचारते. नाही म्हणाले तर अंधेरीहून फास्ट लोकलने मुंबई सेंट्रलला उतरू आणि नायर दंत महाविद्यालयात कृत्रिम दंत विभागात चौकशी करू. मुलुंडच्या तुझ्या मैत्रिणीला सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय सोयीचं पडेल. सकाळी लवकर निघू. येताना शाळेचं ओळखपत्र घे, आणि चाचणीची तारीख त्यांना आधीच सांग, म्हणजे नवा गार्ड घालून सराव करायला दिवस हातात राहतील.