पिस्तूल सगळ्यात शेवटी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेल्या पोराला दोन वेडं घरबसल्या मिळतात, एक तालमीचं आणि दुसरं सिनेमाचं. खासबाग मैदान इथलंच, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही इथलाच, आणि फुटबॉलचा मोसम आला की गल्लोगल्ली पाटाकडील तालमीच्या संघाची चर्चा. तिसरं वेड त्यामानानं अलीकडचं, नेमबाजीचं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे ही नावं आता कोल्हापुरात पैलवानांच्या बरोबरीनं घेतली जातात.

मी हौशी नेमबाज. एअर पिस्तूल मारतो, स्थानिक स्पर्धांत उतरतो, पदकाच्या वाटेला फारसा जात नाही. पण पेठेतल्या पोरांना याचा सुगावा लागल्यापासून संध्याकाळी कट्ट्यावर कुणी ना कुणी मोबाईल पुढं करतंच. पडद्यावर 'जॉन विक' हा हॉलिवूडचा सिनेमा असतो, नायकाच्या हातात ते रुबाबदार काळं पिस्तूल, आणि प्रश्न ठरलेला: "काका, ह्ये आपल्याला कुठं मिळंल?" त्या प्रश्नाची आजवर जी उत्तरं देत आलो, ती इथं ओळीनं मांडतो.

१. सिनेमातलं पिस्तूल मूळचं मैदानातलं

पोरांना वाटतं, हे हत्यार एखाद्या गुप्तहेर खात्यातून आलं असणार. तसं काही नाही. 'जॉन विक'च्या २०१९ च्या तिसऱ्या भागात जे पिस्तूल गाजलं, त्याचं नाव कॉम्बॅट मास्टर. ते सजवलं टॅरन बटलर या अमेरिकी माणसानं, आणि तो स्वतः स्पर्धांमधला नावाजलेला नेमबाज. सिनेमाचा नायक किआनू रीव्ह्ज त्याच्याकडंच कॅलिफोर्नियातल्या रेंजवर सराव करायचा. त्या सरावाची चित्रफीत २०१६ मध्ये जगभर फिरली आणि खरे नेमबाजही चकित झाले, कारण गडी मॅगझिन बदलताना अडखळत नव्हता.

पिस्तुलाची वंशावळही साधी आहे. जॉन ब्राउनिंगनं आखलेलं पिस्तूल अमेरिकी सैन्यानं १९११ साली स्वीकारलं, म्हणून त्याला १९११ म्हणतात. त्यात गोळ्या सात. पुढं १९९० च्या दशकात स्पर्धकांना जास्त गोळ्या हव्या झाल्या, तेव्हा त्याच रचनेला रुंद मूठ बसवली आणि त्या घराण्याचं नाव पडलं २०११. सिनेमातलं पिस्तूल याच घराण्यातलं. म्हणजे शिकलं मैदानात आणि नाव कमावलं पडद्यावर.

२. त्याची ऐट म्हणजे नियमांना दिलेली उत्तरं

ज्या खेळातून हे पिस्तूल आलं, त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात स्थापन झाली. स्पर्धक आखून दिलेल्या जागेतून धावतो, पुठ्ठ्याची टार्गेटं मारतो, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. नेम चुकला तरी नुकसान, वेळ गेला तरी नुकसान.

हा भागाकार डोक्यात ठेवून ते पिस्तूल बघा. मुठीच्या तळाशी तोंड पसरट, कारण मॅगझिन चाचपडत न बसता आत गेलं पाहिजे. वरच्या सरकत्या भागाला, म्हणजे स्लाइडला, खाचा पाडून वजन घटवलेलं, कारण हलकी स्लाइड झटकन मागं जाऊन पुढं येते. पुढच्या साइटवर, म्हणजे नेम धरायच्या खुंटीवर, चमकदार ठिपका, कारण पळता पळता डोळ्याला तो पटकन सापडतो. ट्रिगर सरळ मागं सरकणारा आणि हलका. पोरं ज्याला 'लूक' म्हणतात, तो सगळा सेकंद वाचवण्याचा खटाटोप आहे. ती स्पर्धाच खेळायची नसेल, तर तो नुसता दागिना.

३. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन नव्हे

ट्रिगर एकदा दाबला की एकच गोळी सुटते. तिच्या धक्क्यानं स्लाइड मागं येते, रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि पुढं जाताना नवी गोळी चेंबरमध्ये सारते. दुसरी गोळी हवी तर ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा. एवढंच.

'जॉन विक' मला आवडतो तो इथं. आपल्याकडच्या कित्येक सिनेमांत नायकाच्या गोळ्या संपतच नाहीत. हा माणूस मात्र मॅगझिन रिकामं झालं की बदलतो आणि स्लाइड जराशी मागं ओढून चेंबरमध्ये गोळी आहे का, ते बघतो. पोरांना मी सांगतो, मारामारी सोडा, हे असं तपासून बघणं शिका.

४. कायदा आधी वाचा, कॅटलॉग नंतर

कॉम्बॅट मास्टर ९ मिलिमीटरचं असतं. आपल्याकडं हे बोअर सर्वसामान्य नागरिकाला 'प्रोहिबिटेड', म्हणजे निषिद्ध वर्गात. परवान्यावर साधारणपणे मिळतं ते .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर. तोही परवाना वयाची २१ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही. पोलीस पडताळणी होते, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, आणि 'हवंय' हे कारण चालत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ चा, त्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

स्पर्धेसाठी वाट वेगळी आहे. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि ऑलिंपिकचा प्रकार त्याच पिस्तुलावर खेळतात. पॅरिसमध्ये २०२४ साली मनू भाकरनं पहिलं पदक घेतलं, ते एअर पिस्तुलावरच. हे ऐकून पोरांचा चेहरा जरा पडतो. पडू द्यावा.

५. गावठी कट्टा आणि स्टेटस, दोन्हींपासून लांब

हौस भागली नाही की काही जण आडवाटेला जातात. कुणाकडून तरी गावठी पिस्तूल आणायचं, कमरेला लावायचं आणि फोटो स्टेटसला टाकायचा. तोच फोटो पुढं पोलिसांच्या कामी येतो. बिनपरवाना हत्यार बाळगल्याची शिक्षा दोन वर्षांपासून सुरू होते. त्यात गावठी कट्ट्याची नळी कुठल्या लोखंडाची, ती धक्का सोसेल की मारणाऱ्याच्याच हातात फुटेल, याची हमी कोण देणार? मोबाईलवर पोज देण्यासाठी खेळण्यातलं पिस्तूल वापरायचं असलं तरी रस्त्यावर नको. लांबून बघणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही, आणि घाबरलेली माणसं विचारपूस करत बसत नाहीत.

६. सुरुवात मोकळ्या हातानं

तालमीत नव्या पोराला वस्ताद लगेच जोडीत सोडत नाही. आधी माती, आधी जोर-बैठका. रेंजवर तेच. पहिले काही दिवस नुसतं उभं राहायला शिकवतात. पाय खांद्याएवढे लांब, वजन दोन्ही पायांवर सारखं, डावा हात खिशात, उजवा समोर. डोळे मिटून हात उचलायचा, डोळे उघडायचे आणि हात आपोआप कुठं आलाय ते बघायचं. टार्गेटच्या डावीकडं आला, तर मनगट वळवायचं नाही, पाय सरकवायचे. किलोभर वजन हात लांब करून धरायचं असतं. त्यात मनगटानं केलेली दुरुस्ती दोन मिनिटंही टिकत नाही.

मग पिस्तूल हातात येतं, पण छर्रा नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर बिनगोळीचा सराव करायचा, त्याला सगळे 'ड्राय' म्हणतात. घरच्यांना वाटतं, पोरगं भिंतीकडं बघत काय उभं राहिलंय. पण ट्रिगर दाबताना साइट हलतेय की नाही, हे त्या कोऱ्या भिंतीइतकं स्वच्छ दुसरं काहीच दाखवत नाही.

७. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे

एअर पिस्तुलाचं टार्गेट १० मीटरवर असतं आणि त्यातलं दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. नवा माणूस त्या बटणाकडं डोळे फाडून बघतो आणि तिथंच फसतो. नजर पुढच्या साइटवर ठेवायची. ती कोरीव दिसली पाहिजे, तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पाहिजे आणि मागचा काळा गोल पुसट झाला पाहिजे. हात थोडा डोलतोच, तो कुणाचाच थांबत नाही. त्या डोलण्यासकट ट्रिगरवरचा दाब सावकाश वाढवत न्यायचा. नेमका क्षण पकडून झटक्यात दाबलं, की साइट खाली गेलीच म्हणून समजा. सुरुवातीला सात-आठच्या घरात छर्रे पडले तरी चालतात, फक्त ते एका ठिकाणी पडले पाहिजेत. ग्रुप जमला की साइटचा स्क्रू फिरवून त्याला मध्ये आणता येतं. विखुरलेल्या छर्‍यांवर स्क्रूचा इलाज नाही.

८. तीन सेकंद पुरेसे असतात

'सिनेमासारखं फास्ट काही नाही का?' असं विचारणाऱ्यांसाठी २५ मीटर पिस्तूल आहे, आपल्या राहीचा प्रकार. पिस्तूल .२२ चं, सेमी-ऑटोमॅटिक. पहिल्या ३० गोळ्या शांतपणे, पाच-पाचच्या फेऱ्यांत. पुढच्या ३० वेगानं. हात ४५ अंशांवर खाली. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलायचा, एक गोळी मारायची आणि हात खाली. सात सेकंद थांबायचं, पुन्हा दिवा.

पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तीन सेकंद फार तोकडे वाटतात. पण चांगल्या नेमबाजाचा हात बघा, तो झटका मारून वर जात नाही. एकाच चालीनं उठतो, वर येता येताच बोट ट्रिगरवर दाब द्यायला लागलेलं असतं आणि हात स्थिरावला की उरलेलं काम होऊन जातं. घाई करणारा आधी पोचतो, मग साइट शोधत बसतो.

२२ ऑगस्ट २०१८ ला पालेम्बांगमधल्या आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत राही आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून ३४ गुणांवर बरोबरीत आल्या. शूट-ऑफ झाला, तोही ४-४ असा सुटला. दुसरा शूट-ऑफ राहीनं ३-२ असा घेतला आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अंतिम फेरीत १०.२ किंवा त्याहून चांगला नेम लागला तरच गुण, नाहीतर शून्य. म्हणजे मघाशी बसलेली गोळी आठवून उपयोग नाही आणि चुकलेली आठवून तर अजिबात नाही. त्याआधी कोपराच्या दुखापतीनं तिचा बराच काळ खाल्ला होता, हेही पोरांना मुद्दाम सांगतो. मनगट, कोपर, खांदा हेही या खेळाचं साहित्यच आहे.

९. मारली नाही ती गोळी

हात उचलला, साइट लागली, पण काहीतरी बिनसलं. श्वास लांबला, दंड थरथरायला लागला. अशा वेळी हात खाली घ्यायचा. एअर पिस्तुलात ६० छर्‍यांना ७५ मिनिटं असतात, एवढी सवड नियमानंच दिलेली आहे. तरी बहुतेक जण रेटून मारतात, कारण उचललेला हात तसाच खाली आणणं मनाला लागतं. आमच्या भागात माघार हा शब्द तसाही कुणाला आवडत नाही. पण स्कोअरशीट बघितली तर बहुतेक सात आणि सहा हे रेटून मारलेले असतात.

सुरक्षेचे नियमही याच स्वभावाचे. नळी कायम टार्गेटच्या दिशेनं. नेमासाठी हात उचलेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पिस्तूल टेबलावर असलं तर चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे रिकामं आहे हे लांबूनच दिसतं. 'स्टॉप' म्हटलं की अर्धवट दाबलेला ट्रिगरसुद्धा सोडायचा. पुढं कुणी टार्गेटकडं गेलं असेल, तर पिस्तुलाला हात लावायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. हे ज्याला जाच वाटतं, त्यानं दुसरा खेळ बघावा.

१०. खर्चाचा हिशेब मांडूनच उतरा

पिस्तूलवाल्याला रायफलवाल्यासारखं जाड जाकीट आणि पँट लागत नाही, एवढी बचत आहे. चांगलं परदेशी एअर पिस्तूल मात्र लाखाच्या पुढं जातं, आणि छर्रे, प्रवास, प्रवेश फी हे कायमचं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पैलवान खाशाबा जाधवांना पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकलं होतं. ती गोष्ट ऐकून ऊर भरून येतो, पण प्रत्येक घरानं तसं करावं असं काही नाही. पहिलं वर्षभर क्लबचं पिस्तूल वापरा. स्कोअर वाढतोय का, पोरगं न सांगता सरावाला जातंय का, एवढं बघा आणि मग पासबुक काढा.

११. म्हणून क्रम लावून घ्या

आधी कोच, मग उभं राहणं, मग साइट, मग नियम, मग स्पर्धा. पिस्तूल सगळ्यात शेवटी. दुधाळीच्या रेंजवर किंवा विभागीय क्रीडा संकुलात जाऊन एक दिवस नुसतं मागं उभं राहून बघितलं, तरी निम्मा निकाल लागतो. मोबाईल दाखवत येणाऱ्यांपैकी बरेच जण त्या शांततेला कंटाळून परत जातात, आणि त्यात वाईट काही नाही. सिनेमा बघायला कुणाची ना नाही, मीही बघतो. जे टिकतात, त्यांना क्लबचं जुनं, मुठीला टेप गुंडाळलेलं पिस्तूल वर्षभर पुरतं. पुढं कुठलं घ्यायचं हे विचारायला ती पोरं माझ्याकडं येत नाहीत, त्यांचं त्यांना कळलेलं असतं.