भिंतीच्या पोटातील दगड

शेतकरी सकाळीच शेतावर जातो. मागे गवंडी त्याच्या घराची भिंत रचीत असतो. सायंकाळी धनी परततो, तेव्हा त्यास भिंतीच्या केवळ दोन बाजू दिसतात. तिच्या पोटात काय भरले, हे गवंडीच जाणतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. सास्तूरसारखी गावे कोसळली. तेथील माळवदी घरांच्या दगडमातीच्या भिंती चांगल्या जाड होत्या. परंतु आतला व बाहेरचा थर एकमेकांस बांधणारे लांब दगड बहुतेकींत नव्हते. धक्का बसताच थर विलग झाले आणि माळवदाचा भार निजलेल्या माणसांवर आला. यात कपटच होते असे नव्हे. त्या दगडाचे मोल अनेकांस ठाऊकच नव्हते.

पुढे गवंड्यांना नवे शिक्षण मिळाले. जुन्या भिंतींना आरपार छिद्रे पाडून त्यांत सळई व काँक्रीट भरण्याची रीत आली.

भिंत झाकली जाण्यापूर्वी धन्याने थर पाहावा. तो अविश्वास नव्हे. आणि धनी पाहत नसतानाही गवंड्याने तो दगड बसवावा. घरातल्यांची झोप त्याच्याच भरवशावर असते.